सहा पानांचा अंक, हातात चार

[दृश्य: छापखान्यातून आलेले वर्तमानपत्राचे गठ्ठे]

१३ मे १९८३. अमेरिकेत मिसूरी राज्यात, सेंट लुईसजवळची हेझलवूड ईस्ट ही शाळा. मुलंच चालवत असलेल्या शाळेच्या 'स्पेक्ट्रम' या वर्तमानपत्राचा नवा अंक आला. मुलामुलींनी पानं लावली होती सहा. हातात पडली चार.

मधली दोन पानं मुख्याध्यापकांनी परस्पर काढायला लावली होती. एका लेखात शाळेतल्याच तीन मुली आपल्या गरोदरपणाबद्दल बोलल्या होत्या, नावं बदलून. दुसरा लेख आईवडिलांच्या घटस्फोटावर. मुख्याध्यापकांचं म्हणणं, नावं बदलली तरी मुली ओळखू येतील. आणि एक मुलगी वडिलांबद्दल तक्रार करते, पण वडिलांना कुणी विचारलेलंच नाही. हा दुसरा मुद्दा कुठलाही उपसंपादक काढेल. फक्त तो बातमी परत पाठवतो, पानं उडवत नाही. इथे त्या पानांवरचे बाकीचे लेखही गेले, ज्यांच्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नव्हती.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या]

कॅथी कुलमायर आणि तिच्या दोन मैत्रिणी कोर्टात गेल्या. जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. पत्र वर्गातल्या अभ्यासाचा भाग, नाव शाळेचं. तेव्हा शिक्षणाच्या दृष्टीने सयुक्तिक कारण असेल तर शाळा कात्री लावू शकते. निकालपत्रात छपाईचा हिशेबसुद्धा आहे. वर्षाचा खर्च ४,६६८ डॉलर, विक्रीतून आले १,१६६. उरलेले शिक्षण मंडळाचे.

मग छपाईच लागली नाही तर?

[दृश्य: जुना कॉम्प्युटर, मॉडेमचा आवाज]

१९९८. राज्य तेच, गाव मार्बल हिल. एका मुलाने घरी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर होमपेज बनवलं आणि त्यावर शाळेला शिव्या घातल्या. त्याला पत्रकारिता कुणी म्हणणार नाही. शाळेने त्याला दहा दिवस घरी बसवलं. फेडरल कोर्टाने त्या शिक्षेचा अंमल रोखला: मजकूर पाहून राग आला, हे कारण पुरत नाही.

[दृश्य: कॅन्ससमधलं पिट्सबर्ग, वर्गात संगणकांभोवती मुलं]

शेजारच्या कॅन्ससने १९९२ मध्येच कायदा करून शाळेच्या पत्रातल्या मुलांना अशा कात्रीपासून संरक्षण दिलं होतं. २०१७ साली पिट्सबर्गच्या मुलांनी नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला मान्यताच सापडेना. बातमी शाळेच्याच पत्रात आली. काही दिवसांत बाईंनी राजीनामा दिला.