लक्ष असतं, पण भलतीकडे

हुशार आहे पण लक्ष देत नाही. हा शेरा ज्याच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी आलाय त्याला पुढचं सगळं पाठ असेल. वही हरवली, गणित बरोबर आलं पण उत्तर लिहिताना आकडेच उलटे, आणि घरी परत तेच, जरा मन लावलंस तर काय बिघडतं तुझं. मुलगी असेल तर अजूनच गोची, बऱ्याचदा ती उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, कोणाला त्रास नाही म्हणून कोणाला शंकाही येत नाही, आणि मग एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि स्वतःला आवरणं ताब्यात राहत नाही अशा मेंदूच्या ठेवणीचं, निदान होतं थेट तिशी-चाळिशीत, कधी कधी तर स्वतःच्या पोराला डॉक्टरकडे नेलं तेव्हा.

हे मोबाईलमुळे आलेलं फॅड नाहीये. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती, बुद्धी चांगली पण स्वतःला आवरता येत नाही अशी मुलं, आणि त्याने त्याला नैतिक संयमाची उणीव म्हटलं. म्हणजे खापर पोराच्या चारित्र्यावरच! डोपामिन वगैरे मेंदूतल्या रसायनांची चर्चा खूप नंतर आली. आज माहितीय की हे बरंचसं आनुवंशिक असतं, आणि २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका अभ्यासात दिसलं की या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर बाकीच्यांसारख्याच क्रमाने तयार होतो, फक्त सरासरी तीनेक वर्षं उशिरा.

लक्ष कमी नसतंच खरं तर, त्याचं स्टिअरिंग हातात नसतं. काम महत्त्वाचं आहे एवढ्यावर हा मेंदू सुरूच होत नाही, त्याला काहीतरी नवीन लागतं, आवडीचं लागतं, नाहीतर डेडलाईन अगदी मानेवर बसावी लागते. म्हणून दहा ओळींच्या निबंधाला रडणारं पोरगं बिघडलेला रेडिओ उघडून तासन् तास बसतं, जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही. लोक म्हणतात बघा, मनात आणलं तर जमतं. अहो नाही, ते मनात आणण्याचंच तर अडतं.

अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सला नवव्या वर्षी निदान झालं, पुढे २८ ऑलिंपिक पदकं. पण दर वेळी त्याचंच उदाहरण देणं मला खटकतं, ज्याला सकाळी उठून लाईटबिल भरणं होत नाही त्याने त्या पदकांचं काय करायचं? सुपरपॉवर म्हणणारेही तसलेच. ताकद आहे, पण ती अडचणीला चिकटूनच येते: जो मेंदू एका गोष्टीवर टिकत नाही तोच कधी कधी दोन लांबच्या गोष्टी पटकन जोडतो, जो रोजच्या कामात विस्कटतो तो गडबडीच्या वेळी कधी कधी सगळ्यात शांत असतो. बाकीच्या गोष्टींना आधार लागतोच, कोणाला औषधाने फरक पडतो, कोणाला भिंतीवर मोठ्ठं घड्याळ, कोणाला नुसतं शेजारी कोणीतरी काम करत बसलेलं असलं तरी पुरतं.

आणि थोडी कामांची अदलाबदल. ऑफिसात मीटिंगचा वृत्तांत लिहायची एडीएचडी असलेल्या एखाद्याची पाळी आली की शेजारची ते काम स्वतःकडे घेते, बदल्यात चिडलेल्या क्लायंटचा फोन हा उचलतो.