नक्षी भिंतीवर, परंपरा भिंतीत

श्रोतेहो, नमस्कार.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्रीजी आठवतात. जानेवारी १९६६ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी २६ एप्रिलच्या पहाटे भूकंपानं उझबेकिस्तानची ही राजधानी हादरली. अंगणाभोवती बांधलेली कच्च्या विटांची असंख्य घरं पडली. त्या जागी काँक्रीटच्या चाळीवजा इमारती उठल्या आणि अंगणात वाढलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहायला गेली.

मग उझबेक परंपरा राहिली कुठे? पुष्कळ ठिकाणी ती दर्शनी भिंतीवरच्या नक्षीपुरती उरली, हे खरं. पण ताश्कंदमधली ‘जेमचुग’ ही सोळा मजली इमारत पाहा. तिथं दर तीन मजल्यांना एक उघडं अंगण ठेवलंय, मुलांना खेळायला, शेजाऱ्यांना टेकायला. मोहल्लाच जणू एकावर एक रचला! मला हे घुमट आणि निळ्या फरशांपेक्षा मोलाचं वाटतं, कारण इथं जुनी राहणी जपली आहे.

परंपरा नुसती वरवर दिसते की खरोखर जपली जाते, हीच कसोटी आतल्या सजावटीत ‘गंच’ला लावू या. गंच म्हणजे जिप्सम आणि मातीचा गिलावा. तो पुरता कडक व्हायच्या आत कारागीर त्यात पात्यानं वेलबुट्टी कोरतो. बुखाऱ्याचे उस्ताद शिरीन मुरादोव यांनी अमिराच्या ‘सितोराई मोही खोसा’ महालात आरशांवर गंचाची कोरीव जाळी बसवली. जाळीच्या मागची बाजू आरशात उमटते आणि बोटभर जाडीच्या कामाला दुप्पट खोली येते. पुढे याच हातांनी ताश्कंदच्या नवोई नाट्यगृहातलं बुखारा दालन सजवलं. अलेक्सेई श्चुसेव यांनी आराखडा केलेलं हे नाट्यगृह १९४७ मध्ये खुलं झालं आणि १९६६ च्या भूकंपातही उभं राहिलं.

आज साच्यात ओतलेली तयार नक्षी स्वस्तात मिळते. तिच्या कडा बोथट असतात, सावली धड पडत नाही. नवं घर सजवणाऱ्यानं सगळ्या खोल्यांत साच्याची नक्षी लावण्याऐवजी एकच कोनाडा कारागिराकडून कोरून घ्यावा, असं मला कळकळीनं वाटतं. त्यानं कारागिराला काम मिळतं, आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही.

तुमच्यापैकी कुणी ताश्कंदला गेलंच, तर नवोई नाट्यगृहाचं तिकीट जरूर काढा. मध्यंतरात खुर्चीवर बसून राहू नका. खोरेझम, समरकंद, फरगाना अशी एकेका प्रांताच्या शैलीतली दालनं आहेत, ती फिरून पाहा. नमस्कार.