उंबरठ्यापलीकडे कोण आहे?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कडक शिस्तीच्या धर्मातून माणसे कोणकोणत्या वाटांनी बाहेर पडतात, हा आजचा विषय आहे. निमंत्रणपत्रिकेत ‘वाटा’ असे अनेकवचन छापले असल्यामुळे एकच वाट सांगून मला सुटता येणार नाही. तरीही आधी एक जुनी तक्रार नोंदवतो. धर्म सोडलेला माणूस भेटला की आपण त्याला हटकून विचारतो की, तुमची श्रद्धा केव्हा उडाली? विचारणाऱ्याला एखादा दिवस हवा असतो, एखादा ग्रंथ हवा असतो, जमल्यास आकाशात वीजही कडाडलेली हवी असते. त्या रात्री तुम्ही जेवलात कुठे, आजारी पडल्यावर कोणाला बोलावलेत, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की, शंका किती खोल आहे यावरून माणसाची वाट ठरत नाही. उंबरठ्यापलीकडे त्याचे कोणी आहे की नाही, यावरून ती ठरते.

सतराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅममध्ये युरिएल डा कोस्टा नावाचा एक गृहस्थ होता. जन्म पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या कुळातला. बायबलमधला जुना करार वाचता वाचता तो वाडवडिलांच्या ज्यू धर्माकडे ओढला गेला आणि इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, नजर चुकवून कुटुंबासह देशाबाहेर पडला. बाहेर आल्यावर त्याला दिसले की, आपण ग्रंथात वाचलेला धर्म आणि रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नियमांनी बांधलेला धर्म यांत पुष्कळ अंतर आहे. ग्रंथ वाचून धर्मात आलेल्या माणसाची हीच अडचण असते: त्याच्या डोक्यातून तो ग्रंथ जात नाही. (ज्यांनी आपला ग्रंथ कधी उघडलेलाच नाही, त्यांचे श्रद्धाजीवन फार सुरळीत चालते, असे माझे निरीक्षण आहे. समोरच्या रांगेत दोघे हसले. बाकीच्यांनी ग्रंथ वाचलेला दिसतो.)

त्याने वाद घातला, त्याच्यावर बहिष्कार पडला. काही वर्षांनी तो शरण आला. मत बदलले होते म्हणून नव्हे. परका मुलूख, ओळखीचे कोणी नाही, तिथली भाषा येत नाही, अशा एकटेपणात दिवस काढण्यापेक्षा माकडांत माकड होऊन राहिलेले बरे, अशा अर्थाचे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. पण घरात राहणाऱ्या भाच्यानेच, मामा खाण्यापिण्याचे नियम पाळत नाही, अशी चुगली केली. पुढे दोन ख्रिस्ती माणसे ज्यू व्हायचे मनात धरून त्याच्याकडे सल्ल्याला आली. हे जोखड मानेवर घेऊ नका, असे त्याने सांगितले आणि कुठे बोलू नका, असेही बजावले. ती अर्थातच बोलली. पुन्हा बहिष्कार पडला, तो सात वर्षे टिकला. अखेर १६४० मध्ये ज्यूंच्या प्रार्थनागृहात, सगळ्यांसमोर, कमरेपर्यंत उघडे करून त्याला एकोणचाळीस फटके मारले, नंतर दारात आडवे झोपवले आणि लहानथोर सगळे त्याला ओलांडून बाहेर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने पिस्तुलाने आत्महत्या केली.

त्या वेळी त्याच समाजात स्पिनोझा नावाचा सात वर्षांचा मुलगा वाढत होता, पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला. २७ जुलै १६५६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच्यावरही बहिष्कार पुकारला गेला: कोणी त्याच्याशी बोलू नये, पत्र लिहू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. स्पिनोझा शरण गेला नाही आणि मोडलाही नाही. धैर्य त्याच्याजवळ होतेच. पण त्याला लॅटिन येत होते, स्वतंत्र विचारांच्या ख्रिस्ती मंडळींत त्याचे स्नेही होते आणि पुढे भिंगे घासण्याची कलाही त्याने हस्तगत केली. डा कोस्टाच्या शंका काही कमी धारदार नव्हत्या. त्याला उणीव होती ती बाहेरच्या माणसांची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तीत ‘पाच मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा उरलेल्या वाटा आता धावतच पाहाव्या लागतील.

पहिली वाट वचन देण्यापूर्वीच निघून जाण्याची. आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा, म्हणजे पंथात प्रवेशाचा विधी, जाणत्या वयात होतो. त्याआधी गेलेल्यावर बहिष्कार नाही. बाप्तिस्मा घेऊन गेलेल्याला मात्र कित्येक ठिकाणी आईबापांच्या टेबलाशी बसूनही जेवता येत नाही. शंका तीच, मुलगाही तोच. वर्षभर आधी निघाला तर पाहुणा, नंतर निघाला तर परका. १६९३ मध्ये या पंथाचा संस्थापक याकोब आमान याने वेगळी चूल मांडली, तीही मुख्यतः हा बहिष्कार किती कडक असावा या वादातून.

दुसरी वाट न जाण्याची. पोशाख तोच, प्रार्थना तीच, आणि सनातनी ज्यूंच्या ज्या विश्रामदिनी मोबाइलला मनाई असते, त्या दिवशी दार लावून हळूच तो उघडायचा. अशांना भित्रे म्हणण्याची आपल्याला घाई असते. पण दार उघडे टाकून निघाल्यावर मुलांचा ताबा कोणाकडे जाईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज असतो. न्यूयॉर्कमध्ये अतिसनातनी ज्यू समाजातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २००३ मध्ये ‘फूटस्टेप्स’ ही संस्था निघाली. देव आहे की नाही, हे ठरवून देणे हा तिचा उद्योग नाही. शिक्षण, नोकरी आणि सोबत मिळवायला ती मदत करते.

तिसरी वाट आपल्याला सर्वांत परिचित आहे, म्हणून दोनच वाक्ये. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मत्यागाची घोषणा केली आणि धर्मांतर केले ते १९५६ मध्ये नागपूरला. त्यांचा निर्णय कधीच झाला होता, पण त्यांना एकट्याला जायचे नव्हते. ते लाखोंना बरोबर घेऊन निघाले, त्यामुळे पलीकडे पाऊल टाकणाऱ्याला तिथे आपलीच माणसे भेटली.

परतून आलेल्यांविषयी कोणी विचारले, तर प्रश्नोत्तरांत बोलेन.