डेड सेट

(मायक्रोस्कोपमधून. हिरव्या बोर्डावर पांढरा थर चढतोय.)

हा धूर रोझिनचा आहे. रोझिन म्हणजे सोल्डरिंगला वापरतात ती राळ. तापलेल्या टोकावर धरली की तिचा धूर निघतो आणि फोनच्या गार बोर्डावर पिठासारखा पांढरा बसतो. आता बोर्डाला वीज द्यायची, अगदी थोडी, एखाद-दोन व्होल्ट. आणि नजर हलू द्यायची नाही.

तो बघा. डावीकडे, खाली.

एक ठिपका काळा पडला. त्या जागचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा बारीक तुकडा, आतून शॉर्ट झालाय. सगळी वीज त्याच्यातूनच वाहतेय, म्हणून तेवढा एकच तापला आणि त्याच्यावरची राळ वितळली. लांबी ०.६ मिलिमीटर, रुंदी ०.३. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खा फोन बंद. बाजारात याला म्हणतात डेड सेट.

(लॅमिंग्टन रोड. शटर वर जातायत, हातगाड्या, खोकी.)

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की थोड्या चालीवर हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगायचं. जुन्या मुंबईकरांना तो मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या थिएटरांमुळे आठवतो. आमच्यासारख्यांना मात्र इथल्या काउंटरांमुळे. आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे, आता मोबाइलचे. माल बदलत गेला. वस्तू उघडून बघायची इथली सवय काही गेली नाही.

(माडीवरची खोली. टेबल, दिवा, चिमटे.)

बादलीत पडलेला फोन. गिऱ्हाईक सांगतं, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला होता. हे जवळजवळ सगळेच सांगतात. पण फोनच्या आत शिरलेलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, आणि पाण्यातले क्षार तर तिथेच राहतात. बॅटरी जोडलेली असते. क्षार, ओल आणि वीज एकत्र आली की बोर्डावरचं तांबं झिजायला लागतं. फोन पाण्यात पडला तर लगेच बंद करा, चार्जरला लावू नका आणि उघडून घ्या. तांदूळ भातासाठी राहू द्या.

आधी मागची काच. खाली गरम प्लेट, गोंद सैल पडला की कडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची. मग स्क्रू. एकाच फोनमध्ये वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाच्या आतल्या थरातली रेष तुटते. म्हणून प्रत्येक स्क्रू चुंबकाच्या चटईवर, फोनमध्ये जिथे होता त्याच क्रमाने. पहिला निघतो बॅटरीचा कनेक्टर. तो निघेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

(पॉवर सप्लायचे लाल आकडे.)

बॅटरीच्या जागी हा पॉवर सप्लाय, चारेक व्होल्टवर. फोनचं बटण अजून दाबलेलं नाही, तरी करंटचा आकडा चढलाय. म्हणजे मुख्य लाइनवर शॉर्ट आहे. मीटर लावलं की बीप. आता शेकडो तुकड्यांतून एक शोधायचा, आणि तो राळेने कसा सापडतो ते सुरुवातीलाच पाहिलंत. काही ठिकाणी थर्मल कॅमेरा असतो. राळ स्वस्त पडते.

(ब्लोअर. कपॅसिटर उचलला जातोय.)

थोडी पेस्ट, ब्लोअर साधारण ३५० अंशांवर, शेजारच्या चिपवर उष्णता रोखणारी टेप. चिमट्याने उचलला. त्या लाइनवर असे बरेच कपॅसिटर शेजारी-शेजारी जोडलेले असतात, त्यामुळे एकावाचूनही फोन चालू होतो. तरी हा कारागीर ती जागा रिकामी ठेवत नाही. भंगार बोर्डावरून तसाच दुसरा काढून बसवतो.

(कॉम्प्युटरचा पडदा. रंगीत ठिपके.)

या दृश्यावर थोडं थांबू या. हे बोर्ड व्ह्यू सॉफ्टवेअर, म्हणजे फोनच्या बोर्डाचा नकाशा. एका ठिपक्यावर क्लिक केलं की तो ज्या-ज्या ठिकाणी जोडलाय ती सगळी ठिकाणं उजळतात. ही लाइन कुठून निघाली, कुठल्या चिपकडे गेली, तिथे किती व्होल्ट असायला हवेत, सगळं डोळ्यांसमोर. मोबाइल दुरुस्तीत इतकं कामाचं सॉफ्टवेअर दुसरं नाही. हातातला फोन असा आतून वाचता येतो हे पहिल्यांदा पाहणारा माणूस खुर्ची ओढून बसतोच. कारागीर याचे दरवर्षी पैसे भरतात. पण फोन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या हे नकाशे बाजारातल्या कारागिराला देत नाहीत. पडद्यावर दिसतायत ते इकडून-तिकडून जमवलेले, बोर्ड घासून, मोजून काढलेले.

आणि नकाशा का हवा? सेवा केंद्रात बहुतेक वेळा बोर्डच बदलतात. खर्च अनेकदा नव्या फोनच्या जवळपास जातो. शिवाय फोटो, नंबर, सगळं त्याच जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये. ती चिप काढून दुसरीकडे लावली तरी उघडत नाही, कारण माहिती कुलूपबंद आणि किल्ली मूळ प्रोसेसरमध्ये. म्हणजे फोटो हवे असतील तर हाच बोर्ड जिवंत करावा लागतो.

(ड्रॉवर उघडतो. जुने सेट.)

२००३ साली आलेला नोकिया ११००. टॉर्चवाला. मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. आजच्या फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. २०२१मध्ये आयफोन १३ आला, तेव्हा बाहेरच्या कारागिराकडे स्क्रीन बदलली की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडणं, बंद पडायचं. ते टाळायला कारागिरांना जुन्या स्क्रीनवरची बारीक चिप काढून नवीवर बसवावी लागे. ओरड झाली आणि कंपनीने अपडेट देऊन ते सोडवलं. ओरड करून उपयोग होतो.

(फोन सुरू होतोय. काउंटरपलीकडे मालकीणबाई.)

“दादा, फोटो आहेत ना?”

(इथे निवेदन नाही.)

बंद फोनचा ई-कचरा होतो. त्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. चांगलं पाऊल आहे. युरोपात २० जून २०२५पासून विक्रीला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनसाठी नियम त्याही पुढे गेलेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि व्यावसायिक कारागिरांना दुरुस्तीची माहितीही. तेच फोन लॅमिंग्टन रोडवरही येतात.

इथल्या टेबलांवर बोर्डाचा नकाशा कुणी फुकट मागत नाही. कारागीर आजही त्यासाठी पैसे मोजतातच. फक्त ते पैसे ज्या कंपनीने फोन बनवला तिच्याकडे जात नाहीत, आणि नकाशा बरोबर आहे याची हमीही कुणी देत नाही.