वापसा

अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यात वीस मिनिटं घेतली. त्यातली निम्मी माहिती मलाही नवीन होती, त्यामुळे तक्रार नाही. पण मागच्या फलकावर उगवता सूर्य काढलाय आणि खाली लिहिलंय ‘पुन्हा नव्या उमेदीने’, त्यावर मात्र मला बोलायचंय. उमेद अशी सूर्यासारखी आपली आपण उगवत नाही, एवढंच सांगायला मी आलोय.

मी औसा तालुक्यातला. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपानं कमी, माळवदानं जास्त. इथल्या तरुणांनी माळवद पाहिलंय का? दोन हात उंचावले, आणि ते दोन्ही निवृत्त शिक्षकांचे! तर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर दीड-दोन फूट पांढरी माती. दर वर्षी पावसाळ्याआधी नवा थर. खाली मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दोन हात रुंद भिंती. बेचाळीस अंशाच्या उन्हात गार झोप लागायची हो! ज्या मातीनं पिढ्यान् पिढ्या गारवा दिला, तीच अंगावर आली.

माझ्या आत्याचं घर असंच बसलं. मामा आणि धाकटा नातू गेले. ती अंगणात खाटेवर होती म्हणून वाचली. मी चौथ्या दिवशी पोचलो. मधे पाऊस कोसळलेला, चिखल, वास... ते राहू द्या. आत्या लिंबाखाली बसलेली. रडत नव्हती, बोलतही नव्हती. समोर ढिगारा उपसणाऱ्या एका जवानाला ती बोटानं एकच जागा दाखवत होती. त्याला मराठी येत नव्हतं, तिला हिंदी. त्याला वाटलं, म्हातारीचं सोनं असणार. दोन तास खपून त्यानं एक घागर काढली. तोंड चिंध्यांनी बांधलेलं, आत राखेत घोळलेली ज्वारी. बियाणं! तो पोरगा घागरीकडे बघतोय, आत्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय.

मी म्हटलं, “आत्या, हे आत्ता कशाला?” तर म्हणाली, “वापसा येईल की रं. त्यो थांबतुय का आपल्यासाठी?”

वापसा म्हणजे ओल तुटून जमीन पेरणीजोगी होणं. तो आला की चार-सहा दिवस मिळतात. रब्बीची ज्वारी तेव्हा पडली नाही तर वर्ष गेलं. तिचा एक बैल मेला होता. शेजाऱ्याचा एक उरला होता, पण त्याची तिफण, पेरणीचं अवजार, ढिगाऱ्यात. तिची लिंबाला टेकवलेली, शाबूत. सावड झाली, दोघांनी मिळून पेरायचं ठरलं. सुतकात पेरणी करावी का, असा शास्त्रार्थ मीच काढला होता. शिकलेला ना मी! आत्यानं ऐकूनही घेतलं नाही. चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, मूठ तिनंच धरली. रडली ती पेरणीच्या ओळीत, दुसऱ्या फेरीला. तिफण थांबली नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य विषय राहिलाच की!

मग भराभर सांगतो. खचलेल्या माणसाला धीर देऊ नका, तारीख असलेलं काम द्या. त्याच्याकडे काहीतरी मागा. मदतीची रांग लागली तेव्हा आमची माणसं नुसती घेणारी झाली होती. आत्याकडे शेजाऱ्यानं तिफण मागितली, तिथं ती पुन्हा घरधनीण झाली. पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या, तिथंही हेच झालं. आणि घाई करू नका. बावन्न गावं नव्या जागी हलवली. घरं भक्कम होती, पण रांगेत! भावकी पांगली, ओटा नाही, संध्याकाळी टेकायचं कुठं? यावर मला तासभर हवा होता.

आत्यानं नवं घर घेतलं, पण त्यात झोपली नाही. दारात पत्र्याचं शेड मारून त्यात अकरा वर्षं झोपली. स्लॅबखाली फक्त ज्वारीची पोती. लोक म्हणायचे, म्हातारी अजून सावरली नाही. दर वर्षी पेरत होती, पोत्यांची थप्पी छताला लागत होती, आणि म्हणे सावरली नाही!

शेड अजून आहे. नातू त्यात मोटारसायकल लावतो. बाराव्या वर्षी ती आत झोपायला गेली, तेही पोती बाहेर ओढून, आणि का गेली ते तिनं कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “डास लई झालेत.”