टाइड म्हणजे वेळ

नमस्कार मंडळी.

माझी लेक इथे परदेशातल्या शाळेत सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिला शाळेतून गृहपाठ मिळाला: 'टाइड' या शब्दाचे अर्थ आणि समानार्थी शब्द लिहून आणा. तिने कोश उघडला आणि फ्लो, करंट, स्ट्रीम, सर्ज, एब, फ्लड असे शब्द भराभर उतरवून काढले. मग मला विचारलं, "आई, मराठीत काय म्हणतात?" मी पोळ्या लाटत होते. "भरती-ओहोटी," म्हणाले आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. पण मनाला चुटपुट लागून राहिली. दाभोळच्या खाडीकाठी, धोपाव्यात वाढलेली मी, आणि लेकीची बोळवण दोन शब्दांवर केली.

रविवारी माझ्या आईला फोन लावला. लेकीने आजीला तोच प्रश्न केला. आजी म्हणाली, "ते मागाहून सांगते बाय. आधी आज तिथी कोणती ते बघ." लेकीने फोनमध्येच शोधलं. दशमी.

"दहाची पाऊणपट किती?"

"साडेसात."

"मग साडेसातला भरती. सकाळी पण नि रात्री पण. मधे दीड-पावणेदोनला सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. लेक चकित झाली. आमच्याकडे हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही. आमचे आण्णा ओटीवर बसून बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचे, तिची पाऊणपट करायचे, आणि त्यावर घरातला दिवस ठरायचा. दाभोळच्या बाजाराला कधी निघायचं, आईने खडकावर कालवं काढायला कधी जायचं, सगळं त्यावर. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पाऊणपटीचा हिशेब त्याच्या इतका जवळ जातो की होडी हाकायला पुरतो.

मग मी 'टाइड'च्या मागे लागले, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जुन्या इंग्रजीत 'टाइड' या शब्दाचा समुद्राशी काही संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता वेळ, घटका, हंगाम. जर्मन भाषेत वेळेला आजही 'त्साइट' म्हणतात, तो याचाच भाऊ. नाताळच्या गाण्यांत आपली मुलं 'यूलटाइड' म्हणतात ना? त्यात लाटा नाहीत, तो नाताळचा काळ आहे. 'टाइम' आणि 'टाइड' एकाच मुळातून निघाले. 'टाइम अँड टाइड कुणासाठी थांबत नाहीत' ही म्हण आपण शाळेत 'वेळ आणि लाट' अशी समजून पाठ केली. मुळात तिथे वेळेलाच दोन नावांनी हाक मारलेली आहे. समुद्राच्या पाण्याला तेव्हा फ्लड आणि एब हे शब्द होते. चौदाव्या शतकाच्या सुमारास 'टाइड' हा शब्द पाण्यावर गेला, कारण पाणी ठरल्या वेळेला येतं आणि ठरल्या वेळेला जातं.

आता आपली 'वेळ' बघा. ती आली संस्कृत 'वेला'वरून. वेला म्हणजे काळ. वेला म्हणजे समुद्राचं चढणं-उतरणं. आणि वेला म्हणजे मर्यादा, समुद्र जी ओलांडत नाही ती काठाची रेघ. शिरोड्याचा वेळागर तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिला असेल. गोव्याच्या कोंकणीत वाळूच्या किनाऱ्याला आजही वेळ म्हणतात. आमच्या गुहागर तालुक्यात वेळणेश्वर आहे; समुद्राच्या वेळेवरचा म्हणून वेळणेश्वर, असं तिथे सांगतात. इंग्रजांचा शब्द घड्याळाकडून समुद्राकडे गेला. आपण मात्र समुद्राचा काठ आणि घड्याळ एकाच शब्दात धरून बसलो आहोत, आणि "वेळ काय झाली?" विचारताना आपल्याला त्याची आठवणही नसते.

याच घरातला आणखी एक शब्द, 'टायडी'. आज त्याचा अर्थ नीटनेटकं. आधीचा अर्थ, वेळच्या वेळी झालेलं. मुलांच्या खोलीच्या दारात उभं राहून आपण जे ओरडतो, "वेळच्या वेळी आवरत जा!", त्यात दोन्ही अर्थ आले. तसंच 'टायडिंग्ज', म्हणजे बातमी. जे घडतं ते, असा त्याचा मूळ भाव. आपण चालू काळाला वर्तमान म्हणतो, बातमीलाही वर्तमान म्हणतो, आणि रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतो.

'टाइड ओव्हर' हा प्रयोग मला सगळ्यांत जवळचा. शिडाच्या जहाजाला वारा नसला की खलाशी अनुकूल पाण्याबरोबर जहाज सोडून द्यायचे, पाणी उलटलं की नांगर टाकून थांबायचे. त्यावरून, अडचणीचा काळ कसाबसा काढणे. मी दहावीत होते. गाड्या नेणारी फेरीबोट तेव्हा नव्हती. दाभोळहून परतताना आमच्या होडीला उशीर झाला आणि ती सुकतीत सापडली. होडीचा तळ गाळाला लागला. पाणी बघता बघता मागे गेलं, खेकडे बाहेर आले, बगळे उतरले. होडीवाल्याने वल्हं आडवं ठेवलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "आता वेळ निभवायची." अडीच तास आम्ही बसून होतो. मग फळीखाली बारीक खळखळ झाली, होडी जराशी हलली, आणि तो उठला. 'टाइड ओव्हर'ला 'वेळ निभावणे' याहून नेमका मराठी शब्द मला कुणी दाखवावा. पगार होईपर्यंत आपण वेळ निभावून नेतो, तेव्हा त्या होडीतच बसलेलो असतो.

समानार्थी शब्दांबद्दल मात्र एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोश टाइड आणि करंट शेजारी बसवतो. पाण्यात ते एक नाहीत. भरती-ओहोटी म्हणजे पाण्याचं चढणं-उतरणं. करंट म्हणजे ओढ, माणसाला आडवी नेणारी. गुडघाभर पाणी आहे म्हणून ओहोटीच्या वेळी आत उतरलेले पर्यटक ओढीने जातात, हे कोकणात वर्षानुवर्षं घडतं आहे. मुलांना सुट्टीत गावी न्याल तेव्हा 'बीच'बरोबर 'ओढ' हा शब्दही शिकवा. आणि उधाण नि भांग हेही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण, इंग्रजीत 'स्प्रिंग टाइड'. त्यातला स्प्रिंग वसंत ऋतू नाही, ती पाण्याची उसळी आहे. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग, म्हणजे 'नीप'. आनंदाला उधाण येतं हे आपण लिहितो. भांग मात्र खाडीवरच राहिला.

लेकीने वहीत शेवटी देवनागरीत 'वेळ' लिहिलं आणि समोर इंग्रजीत तीन अर्थ. बाईंनी तिला वर्गापुढे उभं करून पाऊणपटीचा हिशेब फळ्यावर मांडायला लावला. घरी आल्या आल्या तिने पहिला फोन आजीला केला.

आज द्वादशी आहे. आपल्या इथल्या घड्याळात दुपारचे चार वाजलेत, म्हणजे तिकडे कोकणात रात्रीचे साडेआठ. अजून अर्ध्या तासाने भरती पुरी होईल. धोपाव्याच्या धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना आता पाणी लागत असेल.