अपूर्णांक उलटा का करायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मी सहावीत असताना गणिताच्या बाईंनी फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार मांडला आणि सांगितले, की दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचे. मी उभा राहून विचारले, "बाई, उलटा का करायचा?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तशी रीत आहे. खाली बस." त्यानंतर मी शेकडो अपूर्णांक उलटे केले, पैकीच्या पैकी गुणही मिळवले, पण तो 'का' पुढे तीस वर्षे तसाच राहिला. बाईंवर माझा राग नाही. त्यांनीही कधीकाळी असेच विचारले असेल, तर त्यांनाही कोणीतरी खाली बसवले असणार.

खरे तर आपल्या भाषेत 'विचारणे' या क्रियापदाच्या पोटातच 'विचार' आहे. रिक्षावाल्याला पत्ता विचारतानासुद्धा आपण नकळत विचाराचेच नाव घेतो. (पुण्यात पत्ता विचारायला थोडे धैर्यही लागते, ही गोष्ट वेगळी.) आणि तरीही जो वारंवार विचारतो, तो आपल्याकडे शंकासुर ठरतो, लहानाने मोठ्यांना विचारले, तर 'तोंड वर करून विचारतो' असे म्हटले जाते, जणू मान खाली घालून विचारले असते तर चालले असते.

या पार्श्वभूमीवर मला डॉ. जयंत नारळीकरांची एक सवय फार मोलाची वाटते. मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करीत, तेव्हा ते वहीत सही करण्याऐवजी सांगत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. यातली खुबी मला पोस्टकार्डाच्या आकारात दिसते. त्यावर पाल्हाळ मावत नाही. आपल्याला नेमके काय कळलेले नाही, हे आधी स्वतःला कळल्याखेरीज त्या चार बोटांच्या जागेत काही लिहिताच येत नाही, आणि माझ्या मते प्रश्नाचे अर्धे काम तिथेच होऊन जाते.

हीच शिस्त त्यांच्या एका वेगळ्या कामातही दिसते. 'फलज्योतिष खरे की खोटे?' या वादात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या आहेत, कारण त्या रूपात तो प्रश्न नसून भांडणाचे आमंत्रण आहे. २००८ च्या सुमारास नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो असा मांडला, की जन्मपत्रिका पाहून मूल अभ्यासात हुशार आहे की मतिमंद, हे ज्योतिषाला ओळखता येईल का? दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका तयार केल्या गेल्या आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या गेल्या. नाणे उडवून उत्तरे दिली, तरी निम्मी बरोबर येतील, हे उघडच होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण भरले सुमारे ४६ टक्के. मला या आकड्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की उत्तरे उलटी आली असती, ज्योतिषांनी नव्वद टक्के पत्रिका बरोबर ओळखल्या असत्या, तर विचारणाऱ्यांनाच मान तुकवावी लागली असती. ज्या प्रश्नात आपण हरू शकत नाही, तो आपण विचारलेलाच नसतो.

मात्र प्रत्येक प्रश्न असा मोजता येत नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून लिहिलेले 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले. स्त्रियांच्या माथी मारलेले दोष एकेक करून घ्यायचे आणि हाच दोष पुरुषांत नाही काय, असे विचारायचे, एवढीच त्यांची पद्धत. पण ते विचारताच ज्याला सगळे निष्कर्ष समजत होते, ती केवळ एका बाजूने सांगितलेली हकिकत ठरली. जोतीराव फुल्यांनी त्यांची पाठराखण केली, याचे आश्चर्य वाटत नाही. ज्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या समाजाच्या नावातच सत्याचा शोध होता, त्यांना हा आवाज ओळखीचा वाटला असणार.

आपल्या शहराला व्याख्यानांची कमतरता नाही. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. पण कुठल्याही व्याख्यानाच्या शेवटी 'माझा एक छोटासा प्रश्न आहे' म्हणत उठणारे गृहस्थ पुढची सात मिनिटे स्वतःचे मत सांगतात आणि 'याबद्दल आपल्याला काय वाटते?' ही शेपटी जोडून बसतात. अशा वेळी मला पोस्टकार्डाची फार आठवण येते.

गेल्या महिन्यात माझी भाची तोच भागाकार घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भाकऱ्या भाजत होतो. तिला म्हटले, सहा भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, तर किती जणांना पुरतील? "बारा." म्हणजे सहाला अर्ध्याने भागले की सहा दुणे बारा; एका भाकरीत अर्धे वाटे दोन, म्हणून दोनाने गुणायचे. पाऊण भाकरीचा वाटा धरला, तर तीन भाकऱ्या चौघांना पुरतात, हे तिने बोटे मोजून स्वतःच काढले. माझा तीस वर्षांचा 'का' तव्यासमोर सुटला, असे म्हणून मी भाकरी उलटणार, तोच तिने विचारले, "मामा, आणि प्रत्येकाला शून्य भाकरी द्यायची असेल तर?"

मी गॅस बारीक केला.